वाकड्या हँडलची सायकल

ज्वारी कणसाला आली की सोलापुरात एक वारा सुटतो. थंड, कोरडा आणि बिनकामाचा. पाऊस आणत नाही, ढग नेत नाही. उजाडताना पूर्वेकडून येतो, गच्चीवरचे कपडे ओढतो, न लावलेल्या खिडक्या आपटतो आणि ऊन तापलं की निघून जातो. आमच्या शहराच्या उन्हाळ्याची कीर्ती एवढी आहे की इथे हिवाळाही असतो हे परगावच्या माणसाला सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी तो आपल्याला बरं वाटावं म्हणून मान हलवतो. पण असतो. थोडेच दिवस असतो, आणि ते आपल्याला माहीत असल्यासारखा घाईत असतो.

या दिवसांत मला घरात बसवत नाही. पुस्तक घेतलं तर पानं उलटतात, मजकूर तिथंच राहतो. फिरायला निघालो तर कोपऱ्यावरून परत येतो. चहा करतो आणि प्यायला विसरतो. बायकोने हे इतकी वर्षं पाहिलंय की ती आता कारण विचारत नाही. "तुमचं सुरू झालं वाटतं," एवढंच म्हणते, अंगात कणकण आल्यासारखं. दरवर्षी मी ते नाकारतो. यंदा नाकारलं नाही. यंदा अस्वस्थ असायला माझ्याकडे चारचौघांत सांगता येईल असं कारण होतं. सायकलवाल्याच्या दुकानात एक सायकल छताला टांगलेली होती आणि संक्रांत जवळ येत होती.

दिवाळी सरता सरता दुधनीहून अक्काचा फोन आला होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दुधनीत तिच्या घरची तूर-ज्वारीची अडत आहे. दाजी गेल्यापासून दुकान तिचा मुलगा शिवा बघतो आणि अक्का खुर्चीत बसून शिवाकडे बघते. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत.

"तम्मा," ती म्हणाली. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेली असते. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आणि साठी आली तरी मी तोच आहे. "संक्रांत झाली की माझे गुडघे बदलणार हायत. सोलापुरातच. दोन्ही."

"बरं होईल की. चालता-फिरता येईल."

"ते ऱ्हाऊ दे. ती वाकड्या हँडलची सायकल हाय का रे अजून?"

"आहे. म्हणजे, माळ्यावर आहे."

"नीट कर. दवाखान्यात जायच्या आधी एकदा बसायचंय मला."

"अक्का, या गुडघ्यांनी? ऑपरेशन झाल्यावर बस ना. डॉक्टर तर उलट सायकल चालवा म्हणून सांगतात."

"ते नवीन गुडघे असतील, तम्मा. कुठल्या कारखान्यातले, कसल्या स्वभावाचे, काय ठाऊक. त्यांनी कुठं चालवलीय ती सायकल? ह्यांनी चालवलीय."

मी हो म्हणालो.

सायकल माळ्यावरून खाली आली तेव्हा तिच्याकडे पाहून आनंद व्हावा असं काही नव्हतं. चाकांच्या तारा गंजून तांबड्या झालेल्या, सीटचं चामडं उंदरांनी चवीने खाल्लेलं, चेन एका लांबट गाठीसारखी. पण सांगाडा उचलला आणि हात नकळत जास्त वर गेला. ती इतकी हलकी आहे हे मी विसरलो होतो. पावलाखाली सवयीची पायरी नसावी तसं झालं.

ही सायकल आमच्याकडे आली ती एका गैरसमजातून. वडील रेल्वेत गार्ड होते. आमच्या रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर राहायचा. तो बिऱ्हाडासकट ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान अंगणात मांडलं. लोकांनी पलंग नेले, काचेची भांडी नेली, कुणी पियानोचं नुसतं स्टूल नेलं. वडिलांनी सायकल आणली. ती विलायतेत बनलेली शर्यतीची सायकल आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की चीज चांगली आहे, फक्त कुठंतरी आपटून बिचारीचं हँडल खाली वाकलंय. घरी येताच त्यांनी पाना घेतला, हँडल सैल केलं, उलटं फिरवलं आणि आवळून टाकलं. मुठी वर आल्या, माणूस ताठ बसायला लागला, आणि समोरून पाहिलं तर सायकलीला खिलार बैलासारखी शिंगं फुटलेली. मग मडगार्ड आले, स्टँड आला, मागे कॅरिअर, पुढे घंटी, बाजूला डायनामो. गिअर बदलायची खिट्टी 'पोरं उगाच हात घालतात' म्हणून निघाली. पायडलचे मूळचे दांडे कुठल्याशा पंक्चरवाल्याने 'ह्याच्यापेक्षा मजबूत देतो' म्हणून बदलून दिले. त्या सायकलीत जे जे वेगासाठी होतं ते सगळं वडिलांनी सभ्यतेसाठी दुरुस्त करून घेतलं. त्यांना दोष देत नाही. आमच्या भागात चुकूनमाकून आलेल्या अशा सायकलींपैकी बहुतेकींच्या नशिबी ही शिंगं आली. आपल्याला वाकलेलं काही दिसलं की ते आधी सरळ करायचं, वाकलेलं का आहे ते मग विचारायचं, अशी पद्धत आहे.

अक्का त्या शिंगांच्या सायकलीवरून कॉलेजला जायची. आणि एका हिवाळ्यात, याच वाऱ्याच्या दिवसांत, तिने पाना मागितला.

कारण तिने मला सांगितलं होतं, पण तेव्हा ते कारणच वाटलं नव्हतं. वाऱ्याला तोंड देऊन येताना दमून ती हँडलच्या मधल्या दांडीला धरून खाली वाकली होती. "वारा डोक्यावरनं जातोय की रे," ती म्हणाली, काही सापडल्यासारखी. संध्याकाळपर्यंत शिंगं खाली आली होती. ड्युटीवरून आल्यावर वडिलांनी सायकलीकडे बराच वेळ बघितलं.

"मोडलीस?"

"न्हाय अप्पा. होती तशी केली."

वडिलांना तो सगळा प्रकार सिग्नल तोडल्यासारखा वाटला असावा. पण ते एवढंच म्हणाले, "समोर काय आहे ते दिसतंय ना? मग चालव." गार्डाला यापेक्षा मोठा आशीर्वाद देता येत नाही.

त्या ऋतूतल्या सकाळी मला सलग आठवत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी आठवतात. वडिलांच्या काळ्या उंच सायकलवर मी, सीटवरून पाय पुरत नाही म्हणून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे झुकणारा, आणि पुढे अक्का, माझी खाकी अर्धी चड्डी आणि वर वडिलांचा स्वेटर घातलेली. विणकरांच्या गल्ल्यांतून जाताना मागांची खटखट ऐकू यायची, आणि सडा घालणाऱ्या बायका तेलुगूत काहीतरी बोलून हसायच्या. काय बोलायच्या ते कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. गाव मागे पडलं की अक्कलकोटचा रस्ता, दोन्ही बाजूंना कडुलिंब आणि त्यांच्या पलीकडे ज्वारीच ज्वारी. वाऱ्यात ज्वारीच्या पानांचा जो आवाज होतो तो पाण्यासारखा असतो असं म्हणण्याची रीत आहे. मला तो नेहमी कोरा कागद चुरगाळल्यासारखा वाटला. कुठं हुरड्याची शेकोटी विझत आलेली असायची. अक्काच्या स्वेटरच्या खिशात कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणीची पुडी. चटणी सांडून स्वेटरला कायमचा तेलकट डाग पडला आणि आईने तो कुणी पाडला हे शेवटपर्यंत वडिलांनाच विचारलं.

वळसंगपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. परतीच्या वाटेवर अक्का पायडल मारायची थांबायची आणि तरी पुढं जात राहायची, आणि माझ्यापासून लांब लांब होत जायची. तिच्या सायकलीचा आवाजच यायचा नाही. माझीच करकरायची.

तर, यंदा. काम हाती घेतलं तेव्हा माझा विचार साधा होता: चालेल अशी करायची. पण हल्ली साधा विचार फोनवर टाकला की साधा राहत नाही. मी सांगाड्याचा एक फोटो जुन्या सायकलींच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकला. तिथं पुण्याचे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात. ते कुठं शिकवत होते हे कुणाला सांगता येत नाही. सरांचं उत्तर लगेच आलं: "दुर्मीळ! पण कृपा करून हिला विद्रूप करू नका. पिरियड करेक्ट करा."

पिरियड करेक्ट म्हणजे ज्या काळातली सायकल त्याच काळातला प्रत्येक भाग. सीट तेव्हाची, ब्रेक तेव्हाचे, हँडलला गुंडाळायची कापडी पट्टीसुद्धा त्याच विणीची. एखादा नट नंतरच्या काळातला लागला तरी सरांना तो फोटोत दिसतो आणि त्यांना वेदना होतात. "सायकल ही वस्तू नाही, दस्तावेज आहे," त्यांनी लिहिलं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. दस्तावेजावर बसून वळसंगला जाता येतं का, हे विचारायचा मोह मी आवरला.

हसलो खरा, पण मला ते लागलं. त्या हिवाळ्यातलं काय काय आता उरलंय याचा हिशोब मनात सुरू झाला की हात रिकामे ठेवणं अवघड जातं. वडील नाहीत. कॉलनी पाडली. कडुलिंब रस्ता रुंद करताना गेले. मागांची खटखट पुष्कळशी थांबली. यातल्या कशाचेच सुटे भाग मिळत नाहीत. सायकलीचे मिळत होते. जगात निदान एक गोष्ट हुबेहूब होती तशी करता येईल, ही कल्पना माझ्या वयाच्या माणसाला फार धोक्याची असते. आणि गंमत म्हणजे सरांच्या नियमाने मी जी सायकल करत होतो ती अक्काची नव्हतीच. अक्काने चालवली तिला कॅरिअर होतं, देशी चेन होती, पंक्चरवाल्याचे मजबूत दांडे होते. मी करत होतो ती त्या ऑस्ट्रेलियाला गेलेल्या ड्रायव्हरची सायकल. हे मला कळत होतं. कळूनही मी कोलकात्याच्या एका जुन्या दुकानदाराशी रोज फोनवर मूळ दांड्यांबद्दल बोलत होतो.

जोडणी चालली होती रफिकच्या दुकानात. रफिकचा धंदा आता लहान मुलांच्या गुलाबी-निळ्या सायकलींचा, मुठींना झिरमिळ्या लावलेल्या. सांगाडा पहिल्यांदा पाहून तो म्हणाला होता, "साब, भंगार में देव. कायकू तकलीफ लेते?" मग मी त्याला दस्तावेजाची गोष्ट सांगितली आणि तिथंच चूक झाली. चार दिवसांत रफिकने फोनवर कुठले कुठले व्हिडिओ पाहिले आणि तो सरांच्याही पुढं गेला. सांध्यांवरची नक्षी दात घासायच्या ब्रशने घासायला लागला. गिऱ्हाइकांना बोट लावू देईना. एकदा घाई म्हणून मी मागच्या चाकाला साधा नट बसवायला सांगितला.

"नक्को साब."

"अरे, तात्पुरता."

"लोकल है. मैं नै लगाता. इतिहास में क्या बोलेंगे?"

इतिहासाने याआधी रफिकबद्दल कधी काही बोलल्याचं ऐकिवात नव्हतं, पण त्याची तयारी झाली होती.

या सगळ्यात हिवाळा सरत होता. कणसं भरली, पाखरं हाकलायला शेताशेतांत चकाकत्या पट्ट्या लागल्या. अक्काचा फोन दर दोन-चार दिवसांनी.

"झाली का?"

"सीट आली. चामड्याची आहे, अगदी मूळची."

"मूळची कशाला? जुनी सीट लई टोचायची. झाली का ते सांग."

शिवाचाही एकदा आला. आवाज दबलेला, आई शेजारच्या खोलीत असावी. "मामा, तुमी तिला नादाला लावू नका. पडली-बिडली तर ऑपरेशन राहिलं बाजूला. तिनं परवा दवाखान्यात डॉक्टरला विचारलं, जुने गुडघे काढल्यावर काय करता म्हणून. डॉक्टर हसले. ती हसत नव्हती."

मी बघतो म्हणालो. आपल्याकडे बघतो म्हणजे दोन्ही बाजूंना आपापला होकार ऐकू येतो.

त्या जुन्या हिवाळ्याचा शेवट एका जत्रेत झाला. वळसंगच्या पुढच्या एका लहानशा गावच्या जत्रेत सायकलच्या शर्यती असायच्या. मुलींनी भाग घेऊ नये असा नियम नव्हता, कारण असा नियम करावा लागेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. अक्काने नाव दिलं. पंचांनी तिच्या चड्डीकडे, मग सायकलीकडे, मग तिच्यामागे गार्डाच्या गणवेशात उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. गणवेशाला आपल्याकडे मान आहे, तो कुठल्या खात्याचा आहे ते कुणी विचारत नाही. वडिलांनी येताना हिरवी झेंडीही आणली होती. शर्यत सुटताना ती त्यांनी दाखवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय काही सुटताना त्यांना बघवायचंच नाही.

अक्का तिसरी आली. पहिले दोघे विजापूरकडचे तयार गडी होते, त्यांच्या पोटऱ्या मी अजून विसरलेलो नाही. शर्यतीला लागला त्याहून जास्त वेळ बक्षीस समारंभाला लागला. तीन भाषणं झाली, एकात 'नारीशक्ती' दोनदा आली, आणि मग तिसरं बक्षीस पुढं आणलं गेलं. तो एक जिवंत कोंबडा होता, पाय बांधलेला, तांबडा, संतापलेला. गाव आपलं दरवर्षीचं बक्षीस देत होतं, त्यांची काही चूक नव्हती. पण आमचं घर लिंगायत. आमच्याकडे कांद्याला नाक मुरडणारी एक आत्या होती. वडिलांनी कोंबडा दोन्ही हातांनी स्वीकारला, जणू तो फिरता चषक होता. परत येताना तो अक्काच्या कॅरिअरला बांधला. त्या विलायती शर्यतीच्या सायकलीवरून अक्का वाऱ्याच्या पाठीवर निघाली आणि मागे कोंबडा पंख पसरून सगळ्या रस्त्याला शिव्या देत होता. पुढं तो कॉलनीत कुणी कापेना आणि आम्हाला देववेना, म्हणून म्हातारा होईपर्यंत आमच्याच अंगणात राहिला. आत्या त्याला लपून ज्वारी घालायची.

त्याच उन्हाळ्यात अक्काचं लग्न झालं. मला पुष्कळांनी विचारलंय, सायकल बंद कुणी केली? कुणीच नाही. लग्न ठरताना सायकलीचा विषयच निघाला नाही. एखाद्या गोष्टीवर बंदी घालायची तर ती आधी कुणाच्या तरी ध्यानात असावी लागते. अक्का दुधनीला गेली, तिथं घर मोठं, माणसं चांगली, काम पुष्कळ. सायकल इथं राहिली. मी ती चालवून पाहिली. माझ्याखाली ती नुसती सायकल होती.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अक्का तपासण्यांसाठी आमच्याकडे राहायला आली, आणि त्याच दुपारी कोलकात्याचं पार्सल आलं. मूळ दांडे, लांब, सडपातळ, मधून खाच घेतलेले. सरांना फोटो पाठवला. ते बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिले आणि शेवटी आलं: "निःशब्द." रफिकने रात्रीच जोडणी केली असावी, कारण सकाळी आम्ही गेलो तर सायकल दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि तो शेजारी, नवऱ्या मुलीच्या बापासारखा.

अक्का रिक्षातून उतरली. एका हाताने काठी, दुसऱ्याने माझा खांदा. तिने सायकलीला एक फेरी घातली.

"लई देखणी केलीस रे. चालती का?"

"चलेगी अम्मा, उडेगी!" रफिक म्हणाला.

टांग टाकणं तिला शक्यच नव्हतं. आम्ही सायकल जवळजवळ जमिनीवर आडवी केली, ती मधल्या नळीवरून पलीकडे गेली, आणि सायकलीसकट तिला उभं केलं. मी हँडल धरलं, रफिकने सीट. तिने उजवा पाय पायडलवर ठेवून दाबला. पायडल खाली गेलं. डावं वर आलं, आणि थांबलं. तिचा गुडघा त्याच्यापुढं वाकत नव्हता. तिने पाय मागे घेतला, पुन्हा दाबलं. पुन्हा तिथंच थांबलं. बोळातून एक दूधवाला मोटारसायकल हळू करून बघत गेला. तिसऱ्यांदा तिने ओठ आवळून जोर लावला आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी पुन्हा ऐकायला तयार नाही.

"साकू," मी म्हणालो. पुरे. "अक्का, उतर."

ती उतरली नाही. खाली वाकून बघत होती. मला वाटलं रडतेय.

"दांडा लांब हाय," ती म्हणाली.

"अम्मा, ओरिजिनल है वो."

"गुडघा बी ओरिजिनलच हाय माझा. वाकत न्हाय म्हणजे न्हाय." तिने मान वळवून दुकानात पाहिलं. झिरमिळ्यांच्या सायकली ओळीने उभ्या होत्या. "त्या गुलाबीचं पायडल केवढं हाय रे?"

रफिकला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची खरंच दया आली. "नै अम्मा. नै नै. साब, तुम बोलो ना इनको. पिरियड करेक्ट है! पुणे के सर देखेंगे तो?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. सबंध हिवाळा मी त्या दांड्यांच्या मागे घालवला होता. परवा अक्काला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. छोटे दांडे लावले तर पायाचं वर्तुळ छोटं होणार आणि गुडघ्याला तेवढं वाकावं लागणार नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. आमच्या दोघांच्या डोक्यात इतके दिवस सायकलच होती, अक्काचा पाय नव्हता.

"हातोडी दे," मी म्हणालो.

"मेरे हात से नै होता साब."

मग दांडा धुऱ्याला धरून ठेवणाऱ्या पिनेवर मीच हातोडी मारली. पहिला घाव हलका पडला, दुसरा बसला. मूळचे दांडे निघाले. गुलाबी सायकलीचे, चार बोटं तोकडे, चकचकीत, त्यांच्यावर कार्टूनमधल्या सशाचं स्टिकर, त्याच धुऱ्यावर मुकाट बसले. पुढचं चक्र लहान झालं, चेनची लांबी कमी करावी लागली. ते मात्र रफिकने केलं, पाठ फिरवून, नाक ओढत. सीट वर घेतली. खिशात फोन वाजला. सर: "फायनल फोटोची वाट पाहतो आहोत." मी फोन पालथा घालून बाकावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वळसंगच्या अलीकडे गेलो. मी स्कूटरवर, रफिक, अक्का आणि सायकल टेंपोत. रफिकला मी बोलावलं नव्हतं. नवा चौपदरी रस्ता सरळ काढताना तिथं जुन्या रस्त्याचा एक लांबट तुकडा बाजूला सुटून राहिलाय. त्याचा आता कुणाला उपयोग नाही, लोक तिथं तूर वाळत घालतात. पूर्वेच्या टोकाला तो पुन्हा नव्या रस्त्याला मिळतो. ठरलं असं की अक्काने त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, आणि परत यायचं. पुढं ट्रक. शिवाला काही सांगितलं नव्हतं.

अक्काच्या अंगावर माझ्या बायकोचा पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर. वारा तोंडावर होता. सायकल आडवी केली, उभी केली. अक्काने दाबलं. पायडल खाली गेलं, दुसरं वर आलं, तिथं क्षणभर अडखळलं, आणि पलीकडे गेलं.

मी शेजारून पळत होतो. "पळू नको, धाप लागंल," ती म्हणाली, पुढं बघत. मग मी थांबलो. थांबण्याशिवाय इलाज नव्हता. ती वेगात होती असं नाही, चालणाऱ्या माणसाला सहज गाठता आली असती. पण पहिल्या वीसेक हातांनंतर ती खाली वाकली, हँडलच्या वाकड्या भागाला धरून, आणि पाठ सपाट केली. हे मात्र गुडघ्यांना विचारून केलेलं नव्हतं. टोकाला जाऊन हळूच वळली, परत येताना वाऱ्याने तिला ढकललं, पाय न हलवता ती आमच्यापर्यंत आली, आणि मैलाच्या एका जुन्या दगडावर पाय टेकून थांबली. गाल तांबडे, डोळ्यांतून पाणी, ते वाऱ्याचं.

"कसं वाटलं?" मी विचारलं. आवाज नको तितका हळवा झाला.

ती ज्वारीकडे बघत होती. काही शेतं कापून झाली होती.

"तसं न्हाय वाटलं रे," ती म्हणाली.

"गुडघे..."

"गुडघ्याचं न्हाय. दुखायचं ते दुखलं. पर तसं न्हाय वाटलं." मग नाक पुसलं, मफलर आवळला. "अजून एकदा जाऊन येते. धर जरा."

मी धरलं. सोडलं. ती निघाली, यावेळी आधीपेक्षा लवकर वाकली. रफिक तुरीच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून त्या सशाच्या स्टिकरकडे बघत होता, ते दिसेनासं होईपर्यंत. मग तो उभा राहिला. डोळ्यांवर हात धरला.

"साब," तो म्हणाला, "अम्मा मुडे नै."

जुना रस्ता जिथं संपतो तिथून ती नव्या रस्त्याच्या कडेला लागली होती. कडेची पांढरी पट्टी धरून, सरळ, वाऱ्यात, अक्कलकोटच्या बाजूला. एक ट्रक तिला लांबून वळसा घालून गेला. मी खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. आधी घाईने, मग जरा सावकाश.